बाबांच्या वहीतली अकरा नावं: ब्रिस्टल, विंकँटन, हे-ऑन-वाय

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर हा प्रवास कशासाठी केला ते कळणार नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला तेव्हा आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचं घर तळमजल्यावर. देवघरातले देव, घराची कागदपत्रं, आईची औषधं, गॅसची शेगडी सगळं शेजारच्यांनी वरच्या मजल्यावर पोचवलं आणि बाबांची पुस्तकांची दोन कपाटं तेवढी खाली राहिली. पाणी उतरल्यावर मी पुण्याहून गेले तर कपाटाची दारं उघडेनात, आतली पुस्तकं फुगून एकमेकांना घट्ट धरून बसलेली, शेवटी दार तोडलं आणि फावड्याने लगदा काढला. नगर वाचनालयाचीही हजारो पुस्तकं गेली त्या पुरात, त्यामुळे आपलंच काय ते गेलं असं म्हणायचीही सोय नव्हती. बाबा काही बोलले नाहीत. आठवड्याने एक शाळकरी वही आणली आणि आठवेल तसं लिहायला लागले, काय काय होतं ते.

त्या वहीत एका पानावर अकरा इंग्रजी नावं आहेत. टेरी प्रॅचेटची दहा आणि टॉम होल्टचं एक, दोघेही इंग्रज लेखक. बाबा १९९० च्या दशकात मुंबईत बँकेत होते आणि शनिवारी हाफ डे झाला की फाउंटनच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं घ्यायचे. ही अकराही तिथलीच, कुठल्यातरी इंग्रज माणसाने वाचून टाकलेली, जहाजाने नाहीतर गठ्ठ्यातून मुंबईला आलेली. परीकथांची आणि धर्माच्या दुकानदारीची मस्करी करणाऱ्या विनोदी फँटसी कादंबऱ्या. आम्हा भावंडांना इंग्रजी धड येत नव्हतं तेव्हापासून बाबा त्या मराठीत सांगायचे, तोंडी, 'आटपाट नगर होतं, त्याचं नाव जेनुआ' असं सुरू करून.

दादा ब्रिस्टलला असतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मला दहा दिवसांची रजा मिळाली, त्या पानाचा फोटो काढला आणि निघाले. नवीन प्रती ऑनलाइन मिळतात हे मला माहिती आहे. पण मला जुन्याच हव्या होत्या, कॉर्गी प्रकाशनाच्या त्या छोट्या पेपरबॅक, चित्रकार जॉश किर्बीच्या कव्हरवाल्या, कारण बाबांच्या डोक्यात ती पुस्तकं तशीच दिसतात.

दिवस पहिला: ब्रिस्टल, ग्लॉस्टर रोड

जेट लॅग होता, पहाटे चारलाच जाग आली. दहा वाजता वहिनी म्हणाली चला, दुकानं उघडली असतील.

ग्लॉस्टर रोडवर चॅरिटी शॉप्सची रांगच आहे. आपल्याकडे रद्दीवाला पुस्तकं वजनावर नेतो, इथे लोक पिशव्या भरून कुठल्यातरी संस्थेच्या दुकानात नेऊन देतात आणि दुकान ती दोन-तीन पौंडाला विकून पैसा कामाला लावतं. बहुतेक ठिकाणी गल्ल्यावर निवृत्त आज्या-आजोबा, सगळे स्वयंसेवक. मागे एक-दोन कपाटं पुस्तकांची, त्यात थ्रिलर, स्वयंपाक, क्रिकेटपटूंची आत्मचरित्रं आणि एखाद्या फळीवर फँटसी.

पहिल्या तीन दुकानांत काही नाही. चौथ्यात 'मॉर्ट' मिळालं. आणि कव्हर बघून मी तिथेच उभी राहिले, कारण हे कव्हर मला पाठ आहे, सगळी चित्रभर गर्दी, पिवळे-तपकिरी रंग, एकही कोपरा रिकामा नाही. किर्बी गेला २००१ मध्ये, त्यानंतर पॉल किडबी कव्हरं करायला लागला, तीही सुंदर आहेत, पात्रं जास्त नेमकी आहेत. पण किर्बीची धांदल वेगळीच. प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड मालिकेतल्या पहिल्याच कादंबरीत एका चष्मेवाल्या पर्यटकाला कुणीतरी 'चार डोळ्यांचा' म्हणतं तर याने कव्हरवर त्याला खरोखरच चार डोळे काढले. बाबा हे दर वेळी सांगायचे आणि दर वेळी हसायचे.

दुपारपर्यंत चार झाली. 'मॉर्ट', 'हॉगफादर', 'वीर्ड सिस्टर्स' आणि टॉम होल्टचं 'ऑड्स अँड गॉड्स'. हे होल्टचं १९९५ चं, त्यात जुने देव म्हातारे होऊन वृद्धाश्रमात राहायला आलेत. भक्त उरले नाहीत, जगाचा कारभार दुसऱ्यांकडे गेला, आता बसलेत आपले खुर्च्यांवर जेवणाची वाट बघत. मला लहानपणी हे नुसतं गमतीचं वाटायचं. आता आई-बाबांचं वय झाल्यावर तसं वाटत नाही.

वहिनीने विचारलं, धर्मावर असं लिहिलेलं बाबांना चालतं कसं, ते तर रोज पूजा करतात. चांगला प्रश्न आहे, आणि माझ्याकडे तेव्हा त्याचं पूर्ण उत्तर नव्हतं. मी म्हटलं की प्रॅचेट मुळात पत्रकार, याच भागात ब्रिस्टलच्या 'वेस्टर्न डेली प्रेस'मध्ये होता, बाथच्या पेपरातही होता, नंतर सरकारी वीज मंडळात अणुवीज केंद्रांचा प्रेस ऑफिसर. म्हणजे संस्था आतून कशा चालतात, साहेब काय बोलतो आणि बाहेर काय छापून येतं, हे त्याने रोज बघितलेलं. देवापेक्षा देवाच्या ऑफिसबद्दल त्याला जास्त बोलायचंय. वहिनी म्हणाली मग आपल्याकडे काय वेगळं आहे.

दिवस दुसरा: विंकँटन

ब्रिस्टलहून ए-३७ ने शेप्टन मॅलेट, पुढे कॅसल कॅरीवरून विंकँटन. दीडेक तास, दादाने सावकाश चालवली. भाची मागे बसून 'विचेस अब्रॉड' वाचत होती, ते तिच्या शाळेच्या लायब्ररीचं होतं म्हणून यादीत धरता येत नव्हतं.

विंकँटन हे सॉमरसेटमधलं साधं छोटं गाव. एक उतरती हाय स्ट्रीट, थोडी दुकानं, दोन-तीन पब. पण २००२ मध्ये या गावाने प्रॅचेटच्या कादंबरीतल्या आंख-मॉरपॉर्क या शहराशी रीतसर जोडगाव म्हणून नातं जोडलं. वेशीवरच्या पाटीवर फ्रान्स-जर्मनीतल्या खऱ्या गावांबरोबर त्या खोट्या शहराचं नाव आहे. २००९ मध्ये नवीन वसाहतीतल्या रस्त्यांना त्याच कादंबऱ्यांमधली नावं दिली, पीच पाय स्ट्रीट आणि ट्रीकल माइन रोड, आणि प्रॅचेट स्वतः आला होता. आम्ही मुद्दाम त्या वसाहतीत गेलो. बघायला तसं काहीच नाही, नवीन विटांची घरं, कचऱ्याचे डबे, दारात गाड्या, एका घरापुढे लहान मुलाची सायकल आडवी पडलेली. ट्रीकल माइन म्हणजे काकवीची खाण. काकवीच्या खाणीच्या रस्त्यावर राहणारी माणसं पत्ता सांगताना रोज ते नाव घेतात, बँकेच्या फॉर्मवर लिहितात, मला ते फार आवडलं. मी पाटीचा फोटो बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, सांगलीत गुळाच्या एवढ्या पेढ्या, आपल्याकडे एकही रस्ता नाही काकवीच्या नावाचा.

हाय स्ट्रीटवर डिस्कवर्ल्ड एम्पोरियम आहे. इथे जुनी पुस्तकं मिळण्याची अपेक्षा नव्हती, नवीच असतात, नकाशे, आणि कादंबरीतल्या टपाल खात्याची तिकिटं. पोस्टखात्यावरची कादंबरी आली २००४ मध्ये आणि या दुकानाच्या बर्नार्ड पिअरसनने खरोखर तिकिटं छापून काढली, दात पाडलेली, डिंक लावलेली, त्यांचे संग्राहक झालेत. भाचीने स्वतःच्या खाऊच्या पैशातून एक पाकीट घेतलं. मी बाबांसाठी नकाशा घेतला.

परत येताना गाडीत भाचीने लांडग्याचा भाग वाचला आणि एकदम गप्प झाली. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगते. 'विचेस अब्रॉड' १९९१ चं. तीन चेटकिणी जेनुआ नावाच्या शहराकडे निघाल्यात, का तर एका मुलीचं राजपुत्राशी लग्न होऊ द्यायचं नाहीये. नेहमीच्या गोष्टीच्या बरोबर उलट. जेनुआमध्ये लिली नावाची बाई माणसांना गोष्टीप्रमाणे वागायला लावते. खेळणी करणारा म्हातारा शीळ घालत नाही, पोरांना गोष्टी सांगत नाही, म्हणून त्याला तुरुंगात टाकतात! वाटेत त्यांना लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीतला लांडगा भेटतो, त्याला गोष्टीसाठी माणसासारखा विचार करायला लावलंय, आणि तो धड लांडगा राहिला नाही न धड माणूस झाला. तो मरण मागतो. आणि तीन चेटकिणींतली ग्रॅनी वेदरवॅक्स त्याला नीट पुरायला लावते, एखाद्या माणसाला पुरावं तसं.

भाचीने विचारलं, आत्या, म्हणजे गोष्टीतल्या लांडग्याला कुणी विचारलंच नव्हतं का?

मला श्रावणातल्या कहाण्या आठवल्या. आमची आजी शुक्रवारी तांदळाचे दाणे हातात देऊन सांगायची, उतू नकोस मातू नकोस घेतला वसा टाकू नकोस, आणि शेवटी साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. त्या शब्दांचा नाद मला आजही प्रिय आहे. पण त्यातली नावडती राणी, तिला कुणी कधी काही विचारत नाही, गोष्टीला ती नावडती लागते म्हणून ती नावडती. गोष्ट सुफळ संपूर्ण व्हायची म्हणून त्यात कुणाकुणाला भरडलं जातं, हे प्रॅचेटने लांडग्याच्या चार पानांत दाखवलं. आणि म्हणून ती नुसती विडंबनं नाहीत, मी हे कुणाशीही वाद घालून सांगेन.

दिवस तिसरा

पाऊस. घरीच. वहिनीने थालीपीठ केलं. दादा आणि मी लहानपणीच्या गप्पा मारत बसलो.

दिवस चौथा: हे-ऑन-वाय

सकाळी लवकर निघालो, सेव्हर्नवरचा मोठा पूल ओलांडला की वेल्स, पाट्या दोन भाषांत सुरू होतात. अ‍ॅबरगॅव्हेनीच्या पुढे डोंगर लागले आणि मला वाईहून पाचगणीचा घाट चढल्यासारखं झालं.

तुलना उगाच करत नाहीये. पाचगणीजवळचं भिलार, आपलं पुस्तकांचं गाव, २०१७ च्या मे महिन्यात सुरू झालं ते हे-ऑन-वाय वरूनच सुचलेलं. मी दोनदा गेलेय तिथे. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या लोकांनी घराच्या ओट्यावर, माडीवर, देवळात पुस्तकं ठेवलीत, कुणीही जावं आणि बसून वाचावं. तिथे विकत मिळत नाहीत, इथे हे-ऑन-वायमध्ये सगळं विकायलाच. जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव, वाय नदीच्या काठी, वेल्स आणि इंग्लंडच्या अगदी सीमेवर, आणि जिकडे वळावं तिकडे जुन्या पुस्तकांची दुकानं.

हे सगळं रिचर्ड बूथने सुरू केलं, साठच्या दशकाच्या सुरुवातीला. अमेरिकेतली बंद पडलेली ग्रंथालयंच्या ग्रंथालयं विकत घेऊन कंटेनरने इथे आणायचा. आणि १ एप्रिल १९७७ ला त्याने हे-ऑन-वाय हा स्वतंत्र देश असल्याचं जाहीर करून स्वतःला राजा घोषित केलं. गंमत म्हणून केलं, पण पेपरांत आलं, लोक बघायला आले आणि पुस्तकं घेऊन गेले, मरत चाललेलं बाजाराचं गाव जगलं. तो वारला २०१९ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे ज्या महिन्यात आमची पुस्तकं कृष्णेत गेली त्याच महिन्यात.

सिनेमा बुकशॉप म्हणजे जुनं थिएटरच आहे, आत फळ्याच फळ्या, दोन तास कुठे गेले कळलं नाही. लायन स्ट्रीटवर अ‍ॅडीमनमध्ये फँटसीच्या फळ्यांपुढे मी जमिनीवरच बसले. जुन्या पेपरबॅकचा वास सगळीकडे सारखा, फाउंटनला समुद्राच्या दमटपणाचा थोडा जास्त. संध्याकाळपर्यंत पाच मिळाली, तीन ते चार पौंडाला एक. एकाच्या आत बसचं तिकीट, एकाच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत 'बाबांकडून, नाताळ' अशा अर्थाचं काहीतरी. ते मी मुद्दाम घेतलं, बाजूला जास्त चांगली प्रत होती तरी.

रात्री मुक्काम तिथेच.

दिवस पाचवा: हे-ऑन-वाय, आणि परतीचा घाट

सकाळी किल्ल्यावर. हे कॅसल बरीच वर्षं दुरुस्तीसाठी बंद होता, त्याच वर्षी मेमध्ये लोकांसाठी उघडला. त्याच्या पायथ्याशी उघड्यावर फळ्या आहेत, वर छोटंसं छप्पर, दुकानदार कुणी नाही, पुस्तक घ्यायचं आणि पैसे डब्यात टाकायचे. ऑनेस्टी बुकशॉप म्हणतात. तिथे 'विचेस अब्रॉड' मिळालं, पाठीवर तीन सुरकुत्या, म्हणजे निदान तीन जणांनी तरी पुरतं उघडून वाचलेलं.

दहा झाली. राहिलं 'स्मॉल गॉड्स', आणि नेमकं तेच कुठे नाही. एका दुकानातल्या बाई म्हणाल्या, ते येतं आणि दुपारपर्यंत जातं, ते वाचून लोक देत नाहीत, ठेवून घेतात. (सगळ्यात महाग ते नाही बरं का, महाग आहे ते मालिकेतलं पहिलं, १९८३ चं, त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या ५०६ च प्रती होत्या, त्या हजारो पौंडांत जातात.)

'स्मॉल गॉड्स' १९९२ चं. ऑम्निया नावाचं धर्मराज्य आहे, त्याचा महान देव ऑम. पृथ्वीवर परत यायची वेळ झाली म्हणून तो येतो, आणि येतो ते कासव होऊन, कारण लाखो लोक त्याच्या नावाने गुडघे टेकतात पण खरा विश्वास ठेवणारा एकच उरलाय, ब्रुथा नावाचा शिकाऊ पोरगा, मठात टरबुजांच्या वाफ्यात कुदळ मारणारा. लिहिता-वाचता येत नाही पण एकदा बघितलेलं विसरत नाही. बाकी सगळे घाबरतात ते धर्मपीठाला, देवाला कुणी घाबरतही नाही आणि मानतही नाही. ब्रुथा भोळेपणाने एकेका प्रेषिताची वचनं म्हणून दाखवतो आणि कासव चिडून म्हणतं की हे मी कधी बोललोच नाही. आपण म्हणतोच की मानला तर देव नाहीतर दगड, प्रॅचेटने तेवढ्या एका वाक्याची अख्खी कादंबरी केली. आणि कासवच! आपल्या देवळांत सभामंडपात दगडी कासव असतं, आपण आधी त्याला नमस्कार करतो. बाबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा मला वाटायचं की ते आमच्याच देवळातलं कासव आहे, रात्री उठून चालायला लागलेलं. त्यात डिस्कवर्ल्ड हे जगच मुळी चार हत्तींच्या पाठीवर आणि हत्ती कासवावर, म्हणजे ही कल्पना आपल्याकडूनच गेलेली.

आणखी एक. त्यात एफिबी नावाच्या नगरातल्या ग्रंथालयाला आग लागते, आणि वाचता न येणारा ब्रुथा एकेक गुंडाळी उघडून नुसती नजर फिरवतो, अक्षरांचे आकार डोक्यात साठवतो, जेवढं वाचवता येईल तेवढं. पुरानंतर बाबा ती वही घेऊन बसायचे, डोळे मिटून, कुठल्या फळीवर कशाशेजारी काय होतं ते आठवत, तेव्हा मला दुसरं काही सुचायचंच नाही.

परतताना दादाने गॉस्पेल पासचा रस्ता घेतला. वेल्समधला सगळ्यात उंच गाडीरस्ता, ५४९ मीटर, एकच गाडी जाईल एवढा, समोरून कुणी आलं की मागे घ्यायची. वर वारा असा की दार उघडेना. खाली दरीत उतरल्यावर रस्त्याच्या कडेला एक जुनं दगडी चर्च दिसलं, भाचीला बाथरूमला जायचं होतं म्हणून थांबलो. बाथरूम नव्हतंच. दार मात्र उघडं होतं.

आत कुणी नाही. ओल्या दगडाचा गारवा, देवळाच्या गाभाऱ्यात असतो तसाच. दाराजवळ एका टेबलावर घरच्या मुरंब्याच्या बाटल्या आणि शेजारी छोटं लाकडी शेल्फ, जुनी पुस्तकं, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी की छपराच्या दुरुस्तीसाठी, डब्यात पैसे टाका. बागकाम, दुसरं महायुद्ध, एक बायबलच्या गोष्टींचं मुलांचं पुस्तक, आणि त्याला टेकून 'स्मॉल गॉड्स'. किर्बीचं कव्हर. आतल्या पानावर पेन्सिलीने पन्नास पेन्स.

मी दादाला हाकच मारू शकले नाही, हात करून बोलावलं. त्या गावातल्या कुणीतरी हे वाचलं असणार, रविवारी इथेच येऊन बाकावर बसलं असणार, आणि मग चर्चच्या छपराला चार पैसे मिळावेत म्हणून हेच पुस्तक आणून ठेवलं. शेल्फ लावणाऱ्यानेही नाव वाचलं असेलच की, मागचा मजकूर वाचला असेल, आणि राहू दिलं. वहिनीने पहिल्या दिवशी विचारलं होतं ना, पूजा करणाऱ्या बाबांना हे कसं चालतं? त्या पुस्तकात ब्रुथा आपल्या सगळ्यात वाईट शत्रूला पाठीवर घेऊन वाळवंट ओलांडतो, एकट्याने, कुणी बघत नसताना, आणि देव म्हणजे कासव त्याला सारखं सांगतंय की टाक त्याला. तो टाकत नाही. ज्याला हे वाचून देवाचा अपमान झाला असं वाटेल त्याने ते वाचलेलं नाही. मी पुस्तक हातात धरून बाकावर थोडा वेळ बसले, समोर मेणबत्त्या होत्या, एक लावली.

गाडीत रेंज आल्यावर बाबांना व्हिडिओ कॉल लावला. इथे पाच वाजले होते, म्हणजे तिकडे साडेनऊ, झोपायची वेळ. पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं. बाबा चष्मा शोधत होते, आई मागून म्हणाली डोक्यावर आहे बघा. मग बराच वेळ नुसतं कव्हर बघत राहिले. कुठे मिळालं म्हणाले. मी सांगितलं, चर्चमध्ये, असं असं शेल्फ होतं, कुणी नव्हतं, छपरासाठी डबा ठेवलेला.

"डब्यात पैसे टाकलेस ना?"

"हो बाबा. पन्नास पेन्स लिहिलं होतं, मी पाच पौंडांची नोट टाकली."

"बरं केलंस. आणि कासव बघ गं कव्हरवर नीट, पाय मोडलेला नाहीये ना घडीमध्ये, आपल्या प्रतीत तिथेच घडी होती."

मी बघितलं. नव्हती.